घडाला पेपर

मी द्राक्षबागेत वाचायला शिकले, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यात थोडं तिखटमीठ आहे, पण फार नाही. आमच्या तासगावाकडे थंडी वाढायच्या बेताला घडांना पेपर लावायचं काम निघायचं. पेपर म्हणजे जुनं वर्तमानपत्र. ते घडाभोवती गुंडाळलं की मणी थंडीनं गुलाबी पडत नाहीत. पडले की व्यापारी नाक मुरडतो. मी मांडवाखाली मान वर करून बातम्या वाचत फिरायचे आणि अर्धवट राहिलेली बातमी शेजारच्या घडावर शोधायचे. ती कधी सापडायची नाही. आई म्हणायची, "वाचतीस काय, आदी पिन मार." त्या बोचऱ्या थंडीतल्या ओल्या कागदाचा वास मला अजून हवाहवासा वाटतो.

आता मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत द्राक्षाच्या रोपात एक जास्तीचं जनुक घालते. थंडीची चाहूल लागताच रोपानं स्वतःला सावरावं, एवढाच खटाटोप. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच विचारलं होतं, "म्हंजे पेपर लावाय नको?"

"बहुतेक नको."

"मग तुजी आई थंडीत काय करंल?"

गेल्या हिवाळ्यात गारठ्याच्या कपाटात ठेवलेली आमची रोपं तगली. मी हुरळून घरी व्हिडिओ कॉल लावला. एकीकडे आमची टवटवीत रोपं, दुसरीकडे जनुक न घातलेली, माना टाकलेली. आई त्या माना टाकलेल्या रोपांकडेच बघत राहिली.

"ही कुणाची?"

"साधीच गं. तुलनेला लागतात."

"म्हंजे मुद्दाम गारठ्यात ठिवली? आन् येक पेपर न्हाई लावला?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात वडिलांनी फोन घेतला. "ह्येचा घड आपल्या बागंत कवा बघाय मिळंल?" माझं हसू तिथंच विरलं. चाचण्या, परवानग्या, शेतातले प्रयोग. किती वर्षं जातील ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. मी तसं सांगितलं.

"मग काडतो बाग," ते शांतपणे म्हणाले. "हात वर हुईनात आता. तुज्या वेलीसाठनं थांबलो हुतो."

इतकी वर्षं ते कशासाठी थांबलेत, हे मला तेव्हा कळलं.

यंदा दिवाळीला गेले तर बागेच्या जागी ऊस होता. कडेची एक ओळ मात्र खांब आणि तारांसकट तशीच उभी होती, रिकामी. नांगराला ती आडवी येते, हे मलाही कळत होतं.

"असू दे," वडील म्हणाले.

आई अजून रद्दीवाल्याला पेपर देत नाही.