फोटोपुढची बशी

क्योतोला मी डॉक्टरेट करत होते तेव्हा घरून फोनवर कुणी विषय विचारला की माझी पंचाईत व्हायची. चीनमध्ये गेलेले युरोपातले मिशनरी, असं सांगितलं की पलीकडून हमखास प्रश्न यायचा, मग तू जपानात काय करतेस? अहो, कागदपत्रं इथल्या ग्रंथालयात आहेत आणि फेलोशिपही इथलीच मिळाली, दुसरं काय.

विषय मात्र भन्नाट होता. हे लोक चिनी पंडितांसारखे रेशमी झगे घालून, चिनी ग्रंथ पाठ करून धर्म सांगायला बसले, आणि एका प्रश्नावर आपसातच पिढ्यान्‌पिढ्या भांडले. बाप्तिस्मा घेतलेल्या चिनी माणसाने वाडवडिलांपुढे जेवण मांडावं का? एक गट म्हणे हा नुसता आदर, दुसरा म्हणे शुद्ध मूर्तिपूजा.

मी राहायचे एका चिनी आजींच्या घरात, वरच्या मजल्यावर. लग्न करून त्या क्योतोत आल्या आणि इथल्याच झाल्या. माहेर-सासर दोन्ही जुनी ख्रिस्ती घराणी. तरी नवऱ्याच्या पुण्यतिथीला त्या त्याच्या आवडीची डंपलिंग्ज वाफवायच्या, म्हणजे मोदकाची तिखट भावंडंच, आणि गुपचूप एक बशी फोटोपुढे ठेवायच्या. त्याची मांसाची, माझी कोबीची.

त्या वर्षी त्यांच्या चर्चमध्ये नवा पाद्री आला. अमेरिकन, तरुण, चेहरा इस्त्री केल्यासारखा. पुण्यतिथी रविवारी होती, घरी येऊन प्रार्थना करतो म्हणाला आणि आजींची झोपच उडाली. नवऱ्यासाठी प्रार्थना तर त्यांना मनापासून हवी होती. पण बशी पाहून हा उठून गेला तर?

"तू हेच शिकतेस ना? मग सांग," त्या मला म्हणाल्या.

मला काय, हुरूपच आला. रोमने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, मग कितीतरी काळाने पुन्हा हो म्हटलं, असं मी रंगवून सांगितलं.

"आमचं चर्च रोमचं नाही," आजी म्हणाल्या. "आणि मला रविवारचं सांग."

शेवटी त्यांनीच ठरवलं, बशी सकाळी मांडायची आणि पाद्री यायच्या आत उचलायची. तर हा शहाणा वेळेच्या आधीच दारात हजर. आजी दार उघडायला गेल्या आणि जाता जाता मला डोळ्यांनी खुणावलं. मी बशी उचलली.

आता ती कुठे ठेवायची, हे मी ठरवलंच नाही, हाताने ठरवलं. बाबा जाऊन वर्ष झालं नव्हतं. ते गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद, मी इथेच अडकलेली. दहाव्याला भावाने व्हिडिओ कॉलवर कावळा दाखवला, तोही हलत्या फोनमध्ये नीट दिसला नाही. गेलेल्या माणसाचं पान म्हटल्यावर मी काचेचं दार सरकवलं आणि बशी बाहेरच्या कठड्यावर ठेवून आले.

क्योतोचे कावळे कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकलेल्या जाळ्यांशी झुंजून तयार झालेले. पाद्री टेकतो न टेकतो तोच काचेपलीकडे मेजवानी सुरू झाली.

"ते काय आहे?" त्याने विचारलं.

आजींचा चेहरा पाहून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लपवायला काही उरलंच नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची बशी. तुम्ही गेलात की मी ती खाणार होते. वर्षातून एकदा आम्ही एकत्र जेवतो."

मी तोडक्यामोडक्या जपानीत सांगत सुटले, आमच्याकडे कावळा शिवला की गेलेला माणूस जेवला असं मानतात, माझे बाबा गेले, मला जाता आलं नाही. मध्येच मला रडू फुटलं.

पाद्री उठून काचेपाशी गेला, बशी रिकामी झाली होती. मग म्हणाला, "अजून आहेत का?"

मला वाटलं, याला भूक लागली. आजींनी उरलेली दुसऱ्या बशीत आणली तर हा हात जोडून थांबून राहिला. आजींनी ती बशी फोटोपुढे ठेवली तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. नंतर आजी फोटोकडे तोंड करून सगळी बशी जेवल्या.

पुढच्या पुण्यतिथीला आजींनी दोन बश्या भरल्या. एक फोटोपुढे ठेवली. दुसरी माझ्या हातात दिली आणि काचेचं दार स्वतः सरकवलं.

"ही तुझ्या बाबांची," त्या म्हणाल्या. "कोबीचीच आहेत."