मिरचीच्या कोठीतला शर्ट

नंदुरबारच्या पथारीवर, उघड्या मैदानात, वाळणाऱ्या मिरचीचा ठसका लागला की भावाचा शर्ट आठवतो. तो पथारीवरच कामाला होता. ट्रक उलटून तो गेला, तेव्हा त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून वाटायचं काम मी अंगावर घेतलं. आदल्या दिवशी अंगातून काढलेला शर्ट मात्र सापडेना, आणि वहिनी मिरचीच्या कोठीपुढून हलेना. माझा संशय तिच्यावरच होता. "काय लपाडी ऱ्हायनी व, वहिनी?" म्हणत मी झाकण उघडलं. शर्ट आत होता. "मीच सांगेल शे तिले," मागून आई म्हणाली, "तू ते बी धुई टाकशी, मंग मन्हा पोऱ्याना वास कोठे ऱ्हाई?" मी झाकण लावलं. आता आई नाही. वहिनीकडे गेले की ती आजही मला कोठीजवळ एकटीला सोडत नाही.