आईची कपबशी

आलं ठेचलं की आईची निवडणूक आठवते. जबलपूरजवळच्या आमच्या गावात ती नगर परिषदेला उभी होती, तीनदा निवडून आलेल्या पार्षदजींविरुद्ध, आणि निशाणी मिळाली कपबशी! घरोघरी चहा स्टीलच्या ग्लासात यायचा, म्हणून आई स्वतःची कपबशी घेऊनच प्रचाराला निघाली. प्रत्येक ओट्यावर सगळ्यांसमोर बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायली. "भाभीजी, और लो!" बायका ओरडत होत्या. मी धावत पुढच्या घरी वर्दी देत होते.

"आई, काहून इतका चहा पिऊन राहिलीस? बारावा झाला!"

"पिऊ दे गं," ती हसली, "गरम आहे."

आई जिंकली. पण तिचं ते बोलणं मला आज कळलं, सगळ्यांना चहा देऊन माझा गार कप उचलताना.