शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

डोंबिवलीतल्या मोर्चांत हल्ली पोरं एक गाणं म्हणतात, मोबाईलवर ऐकून पाठ केलेलं. धुराचं, कंपनीच्या गेटचं, कामावरून परत न आलेल्या भावाचं. शेवटच्या कडव्यात येतं, 'विलास म्हणे…' आम्हा गाणाऱ्यांत रीतच आहे, ज्याने गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं. विलास म्हणजे मी.

आणि गाणं — थांबा जरा, सांगतो.

मोहने गावात आमचं सात-आठ जणांचं गाण्याचं पथक होतं. सुमन पुढे गायची, मी मागे झील धरायचो, म्हणजे तिची ओळ उचलून परत म्हणायचो. काय आवाज होता हो तिचा! खडा, थोडा घोगरा. तिने वर घेतलं की मीही वर जायचो, आपोआप. तसा मी पुन्हा कधी गायलो नाही. तिचा भाऊ एका केमिकल कंपनीत भाजून गेला, तेव्हा गेटवर धरण्याला बसल्या-बसल्या तिने हे गाणं रचलं.

मग शीळफाट्याला मोठी सभा लागली. सुमनचा नेमका घसा बसलेला. म्हणाली, "विल्या, आज तू म्हण रे. मी झील धरते."

केवढी गर्दी! टाळ्या, शिट्ट्या, जो तो मोबाईलमध्ये मला घेतोय. चढलं मला ते सगळं. शेवटचं कडवं आलं आणि 'सुमन म्हणे'च्या जागी — तोंडून निसटलं म्हणू? नाही. आदल्या कडव्यातच मी ठरवलेलं. 'विलास म्हणे' म्हणालो. चालीत चपखल बसलं.

झील धरणाऱ्याने काय करायचं? पुढच्याने दिलेली ओळ उचलायची. सुमनने उचलली. बसलेल्या घशाने, सुरात, माझं नाव. ठेकासुद्धा चुकला नाही.

ती क्लिप सगळीकडे फिरली. सुमन पथकात परत आली नाही, आणि मी बोलवायला गेलो नाही. आता कल्याणला असते म्हणतात. एकदा तिच्या मागे उभं राहावं, नुसती झील धरावी — फार वाटतं हो. कुठल्या तोंडाने वाटतं?

गेल्या आठवड्यात मोर्चात एका मुलीने विचारलं, "काका, हे सुचलं कसं तुम्हाला?"

मी म्हणालो, "भाऊ गेला गं माझा. गेटवर बसलेलो, तेव्हा सुचलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भाऊच नाही.