चतुर्थीचा हलणारा चंद्र

मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण कापराचा वास आला की मला रायपूरच्या आमच्या अंगणातली ती संकष्टी आठवते. कॉलेजच्या खगोल मंडळात जायचं तर स्वतः काढलेला चंद्राचा फोटो द्यायचा होता, आणि मागून आणलेली दुर्बीण सकाळीच परत करायची होती. आभाळ भरलेलं. चंद्र पाहून उपवास सोडायचा म्हणून गल्लीतल्या बायाही आरतीची ताटं घेऊन दुर्बिणीपाशीच जमल्या. ढग जरा फाटले तसा मी दुर्बिणीला मोबाइल लावला, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी नळीला हात लावून नमस्कार केला आणि चंद्र स्क्रीनवरून पळाला. पुन्हा नेम धरला, तर दुसरीचा नमस्कार. मी आपला पुन्हा पुन्हा नेम धरत राहिलो. शेवटी आईच ओरडली, "बायांनो, दुरून पाया पडा ना! माह्या पोट्ट्याचा चंद्र हालून राहिला!" "हव दीदी, पण आधी आमाले दाखवा," काकू म्हणाल्या. मग एकेकीनं हात पाठीमागे बांधून चंद्र पाहिला. "अगं बाई, याले त खड्डे आहेत!" आई म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं. नंतर सगळ्या श्वास रोखून उभ्या राहिल्या आणि ढग मिटायच्या आत मला एक स्वच्छ फोटो मिळाला. आता माझ्याजवळ चांगला कॅमेरा आहे, पण इतकी शांतता पुन्हा मिळाली नाही. तेव्हा कितीतरी दिवस वाट पाहिल्यावर मंडळाचा निरोप आला: मला घेतलं होतं, आणि पुढच्या संकष्टीला सगळं मंडळ आमच्याच अंगणात येणार होतं.