उखर्डूनानाने बुजवलेली भेग

उखर्डूनानाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तसा आईने त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारणीकडून उचलवून घेतला आणि नाव ठेवलं उखर्डू. नाव असं, आणि माणसाने जन्मभर काम काय केलं, तर गाड्या नटवण्याचं. धुळ्यात पारोळा रोडच्या गॅरेजांच्या ओळीत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. शेजारचं माझं. मी सीटकव्हरं शिवायचो आणि त्याच्या टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठतं म्हणून रोज त्याच्याशी भांडायचो.

पण त्याचं काम सुरू झालं की मशीन सोडून बघायला मीच पुढे. लोखंडी टाकीत काठोकाठ पाणी. त्यावर तो पातळ केलेला ऑइलपेंट थेंबथेंब सोडायचा, तो पसरून पाण्यावर साय धरायची. बाभळीच्या काट्याने साय ओढली की सागाच्या फळीवरच्या रेघा उमटायच्या. मग डॅशबोर्ड असो, चाकाची रिम असो, श्वास रोखून तिरपी बुडवायची, उरलेली साय फुंकून बाजूला सारायची आणि वस्तू वर काढायची. रेघा तिच्या अंगावर. तेवढा वेळ पंखा बंद, दार बंद, आणि कोणी शिंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. देवचंद नावाचा जीपवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याची एकुलती एक लेक मंजुळा पिंपळनेरला दिलेली, आणि तिची ही पहिलीच आखाजी. लेक माहेरी येणार, झोके घेणार, म्हणून बापाला जीपही नवरीसारखी हवी होती. चारही रिमा काढून त्याने नानापुढे टाकल्या.

तीन रिमा पहिल्याच बुडीत झाल्या. चौथी हट्टाला पेटली. बोल्टाच्या दोन भोकांच्या मधोमध रंग बसेना. वर काढावी तर तिथे केसाएवढी रेघ उघडी. नानाने रिम थिनरने पुसली, पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. लोहाराने ती रेघ पाहिली असती तर रिम भंगारात फेकली असती. पण नाना रंगारी. त्याच्या लेखी भेग म्हणजे रंग न बसणारी जागा, बस. त्याने रेघेत लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरली, ती सुकू दिली, घोटून घोटून गुळगुळीत केली आणि मग बुडवली. रंग असा बसला की मला हाताला धरून दाखवायला नेलं. मीही वा वा केली.

आखाजीच्या दिवशी देवचंद उजाडायच्या आत निघाला. लेकीला घेऊन परत येताना साक्रीच्या अलीकडे जीप उलटली. देवचंदचा हात मोडला. मंजुळा जागीच गेली.

देवचंदने पोलिसांना सांगितलं, डोळा लागला. अख्ख्या धुळ्याने ते मानलं. आदल्या दिवशी रात्रीपर्यंत भाड्याच्या फेऱ्या मारलेला माणूस, डुलकी लागणारच.

जीप ओढून आमच्या ओळीत आणली, तेव्हा नाना बघायला गेला. चौथी रिम बोल्टापाशी फाटून दुमडली होती. फाटलेल्या काठावर आत जुना गंज, वर पांढरी लांबी आणि त्यावर सागाच्या रेघा जशाच्या तशा. नाना तिथेच मातीत बसला. मला म्हणाला, "तो झोपेल नव्हता रे. मीच मारं पोरले."

त्याची बायको पार्वताबाई म्हणाली, "गयेल मानूस परत येस का? गप ऱ्हाय." तो चार दिवस गप राहिला. पण देवचंद स्वतःला लेकीचा खुनी समजत असणार, हे काही त्याला गिळवेना. शेवटी माझ्या लुनावर मागे बसून तो देवचंदच्या घरी आला.

देवचंद ओट्यावर एकटाच होता. नानाने सगळं सांगितलं, लांबी आणि भेग, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता हा अंगावर धावून येणार. देवचंद खाली बघत हळूच म्हणाला, "नाना, ती भेग माले रिम काढतानाच दिसेल व्हती. म्हनं आखाजी व्हवू दे, मंग रिम बदलसू. तू कोनले सांगू नको. डोळा लागना तर लोके माफ करतंस. हाई कोन माफ करी?"



तेवढ्यात केसरबाई, देवचंदची बायको, चहा घेऊन आली. तोंड सुकून गेलेलं. नानाच्या हातात कप देऊन ती उंबऱ्यातच बसली आणि कोणी न विचारता बोलायला लागली. "नाना, यासले झोपू देवाले पाहिजे व्हतं. मीच उठाडं. पोर दुपारना आत घर येवाले पाहिजे, म्हनीसन मीच हालाडी हालाडी उठाडं. मीच खादी मनी पोरले."

तिने तेव्हापासून अन्न सोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. देवचंदला मात्र रोज दिसत होतं. रोज तिच्यासमोर बसून तो तिचं हे 'मीच खादी' ऐकत होता.

नानाने देवचंदकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता तरी हा बाप्या बोलेल म्हणून वाट पाहिली. तो गळ्यात बांधलेल्या हाताच्या प्लास्टरकडे बघत बसला.

"बाई, ऐक," नाना म्हणाला. "त्याले झोप लागेल नव्हती. चाक फुटनं. चाकले भेग व्हती, ती मी बुजाडी. तुना काहीच दोष नही. देवचंदले भी माहीत नव्हतं."

केसरबाई उठली. नानाच्या हातातला भरलेला कप तिने काढून घेतला आणि अंगणात ओतून दिला. मग घरात जाऊन इतकी ओरडून रडली की गल्लीतल्या बाया धावत आल्या. देवचंद तेव्हाही एक अक्षर बोलला नाही. त्या माणसाचा मला अजून राग येतो. आता तो नाही, तरी येतो.

पुढे केसरबाई आमच्या ओळीतून जाताना नानाच्या दुकानापुढे थांबायची, थुंकायची आणि मग पुढे जायची. गिऱ्हाइकांदेखत. गिऱ्हाइकं कमी होत गेली ती यानेच. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, मी जाऊन सांगतो तिला खरं."

नाना टाकीतलं पाणी बदलत होता. म्हणाला, "थुकू दे रे. जेवाले तर लागनी."