कानससर कॉम्प्युटर शिकतात

आमचे कानससर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या हाताकडे. नवीन पोरगा समोर आला की त्याचा तळवा उलटा करायचा, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचा आणि गरजायचं, "काहून गा, इंजिनिअर व्हाले आला न तू? मंग हात असा लोण्यावानी काहून?" माझी पाळी आली तेव्हा त्यांची पंचाईत झाली, कारण मी मुलगी. हात पुढे करता करता थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू स्वतःच पाहा वं, आन् मले सांग." मी पाहिलं आणि सांगितलं, "मऊ आहे, सर." "दिवाळीपर्यंत नाही राहणार," असं म्हणून ते खुशीत पुढच्याकडे वळले.

त्यांचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि भारदस्त होतं, पण ते कोणी घेत नसे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला ते लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देत आणि कानशीने घासघासून तो गुळगुळीत चौकोनी करायला लावत. आठवडेच्या आठवडे आमचं तेच चालायचं. मग सर तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तो खिडकीच्या उजेडासमोर धरत आणि एक डोळा मिटत. मधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत हातात. "घास!" या एका शब्दाने त्यांनी विदर्भातले कितीतरी इंजिनिअर घडवले. म्हणून ते कानससर.

सर खापा गावचे, घरची शेती कन्हान नदीच्या काठाला. बोलणं अस्सल तिकडचं, आणि शिकवायला उभे राहिले तरी त्यात फरक पडत नसे. त्यांचं एक लाडकं वचन होतं, "मोठं सोसलं तं लहान सोसतेच!" वर्कशॉपमध्ये आम्ही स्टूल बनवलं की सर आमच्या वर्गातल्या एका आडदांड मुलाला, पैलवानाला, हाक मारायचे. "पैलवान, चढ गा वर. आता नाच." पैलवान नाचायचा, आम्ही शिट्ट्या मारायचो. स्टूल टिकलं की सर हात झटकून म्हणायचे, "झालं! पैलवान नाचला, आता प्रिन्सिपॉलसाहेब आरामात बसतीन." आणि खरंच, सरांनी पास केलेलं स्टूल मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. त्या वर्षी आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, वरातच निघाली! खोकी उतरवायला प्राध्यापक धावले, आम्ही जिन्यावर दाटीवाटीने उभे. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, तिला पडदे लावले, आणि अख्ख्या कॉलेजात नव्हता तो एसी तिथे बसवला. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीच्या दारात नुसतं उभं राहायला मिळालं तरी माणूस धन्य होई. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. पाठोपाठ बातमी आली की कॉम्प्युटरची वेगळी शाखाही सुरू होणार.

मी आत गेले, ती काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं पाहिली, आणि माझं काम तमाम झालं. मी दोन ओळी लिहायच्या आणि त्या मशीनने निमूटपणे तसंच करायचं! घरी माझं कोणी ऐकत नव्हतं, इथे एक यंत्र ऐकत होतं. त्या दिवशी सायकलवरून रामदासपेठेतल्या घरी येईपर्यंत मी स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत होते.

आमच्याकडे पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असे, शाखा नंतर निवडायची. माझ्या शाखेवरून दोन पक्ष आधीच पडले होते. बाबा कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या मते जगात एकच शाखा होती, इलेक्ट्रिकल, कारण "वीज मंडळात एकदा चिकटलीस की जन्माचा घोर मिटला." दुसरा पक्ष कानससरांचा. त्यांना मी मेकॅनिकलला हवी होते. "आपल्या कॉलेजात मेकॅनिकलले आजवर एकही पोरगी नाही आली. तू ये. पाहून घेऊ एकेकाले!" मी कॉम्प्युटर म्हणणारी एकटीच, आणि माझा पक्ष सगळ्यात दुबळा, कारण त्या शाखेतून बाहेर पडलेला एकही माणूस नागपुरात कोणी पाहिला नव्हता.

धीर करून मी सरांना सांगितलं तेव्हा ते असे भडकले की विचारू नका. "कॉम्प्युटर? ते इंजिनिअरिंग आहे? लोखंड नाही, तेल नाही, आवाज नाही! पंख्याखाली बसून टायपिंग करायचं, आन् त्याले म्हणायचं इंजिनिअरिंग!" मी म्हटलं, "पंखा नाही सर, एसी." ते आणखीच उखडले. "थांब. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच शिकतो तुझं ते थोतांड. शिकून दाखवतो, की यात काही दम नाही."

आणि खरोखरच शिकले की! पन्नाशीला टेकलेला माणूस, भर मे महिन्यात, बूट बाहेर काढून, भोकाच्या मोज्यांनी त्या गार खोलीत जाऊन बसायचा. एका बोटाने बटणं दाबायचा, आणि चुकलं की मशीनला म्हणायचा, "काय करून राहिला गा तू?" महिन्याभरात त्यांनी परीक्षेची बैठकव्यवस्था लावणारा प्रोग्राम लिहिला. यादी द्यायची, मशीन हॉलमधल्या बाकांवर सगळ्यांना सारखं अंतर सोडून बसवणार. पहिला पहिल्या बाकावर, शेवटचा शेवटच्या बाकावर, बाकीचे मध्ये.

सुट्टी संपताच प्रात्यक्षिकाला सरांनी सगळ्यांना बोलावलं. खोलीत मुंगी शिरायला जागा नाही, दारात चपलांचा ढीग. सरांनी कॉलेजातल्या सगळ्यात मोठ्या वर्गाची यादी दिली. मशीन जरा घुटमळलं आणि भराभर नावं उमटायला लागली. टाळ्या! "आता सगळं कॉलेज," सर म्हणाले. तेही झालं. सर आमच्याकडे वळले, हात झटकले. "पैलवान नाचला! आता कोणीही बसा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आता लहान यादी देऊन बघू या?"

"लहान कायले? मोठं सोसलं न त्यानं."

"पुढच्या वर्षी मी तुमच्या मेकॅनिकलला आले, तर मुलींची यादी वेगळी लावाल ना? त्यात मी एकटीच असेन."

सर हसले, सगळे हसले. "ये, बसवतो तुले ऐसपैस," म्हणत त्यांनी माझं एकटीचं नाव घातलं आणि बटण दाबलं. मशीन थांबलं. पडद्यावर चूक झाल्याची एक ओळ आली आणि पुढे काहीही होईना. सरांनी परत दाबलं. परत तेच.

कारण अगदी साधं होतं. अंतर काढायला सरांनी बाकांना मुलांच्या मधल्या जागांनी भागलं होतं. दोघांत मध्ये एक जागा, तिघांत दोन. एकटीच असेल तर मधली जागा शून्य, आणि शून्याने भागायला सांगितलं की मशीन हात टेकतं. ज्याने अख्खं कॉलेज पेललं होतं, ते एका मुलीपाशी कोलमडलं. मागून कोणीतरी खुसखुसलं. सर पडद्याला नाक लावून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

आणि सर एकदम ओरडले, "अरे, हे तं वेगळंच आहे!"

खुर्चीवरून उठले, मोज्यांवरच येरझाऱ्या घालायला लागले, भेटेल त्याचा खांदा हलवायला लागले. "आमचं लोखंड आधी वाकते, कुरकुरते, मरायच्या आधी दहादा सांगते. हे काहीच बोललं नाही गा! गपकन बसलं! हत्ती गेला अन् मुंगी अडकली!" मग मध्येच थांबले, कपाळावर हात मारला. "अरे, मले माहीत होतं हे! कन्हानले धार असली का भरलेली बैलबंडी नीट निघते. रिकामीच वाहून जाते. पाहिलं न मी लहानपणी डोळ्यानं! अन् जन्मभर पैलवान नाचवत बसलो!" इतका आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तोही स्वतःचं चुकल्याचा.

त्याच संध्याकाळी स्कूटर फटफटत सर आमच्या घरी हजर. आईने पोहे टाकले. बाबांनी टोपी घातली, कारण प्राध्यापक घरी आले होते.

"भाऊसाहेब, पोरीले कॉम्प्युटरले टाका," सरांनी बसायच्या आधीच सांगितलं.

बाबांना वाटलं, सर मेकॅनिकलसाठी भांडायला आलेत. ते गोंधळले. "पण सर, तुम्हीच तर म्हणत होता की ते इंजिनिअरिंग नव्हे."

"म्हणत होतो. आमच्या लोखंडाचं शास्त्र तिथं चालत नाही, हे आज मले समजलं. त्याचं शास्त्रच वेगळं आहे. हिनं एका प्रश्नात मले अडवलं. ती तिकडचीच आहे."

बाबांनी पोह्यांतले दाणे एका कडेला सारले. मग म्हणाले, "पुढे काय करतात यातून? नोकरी कोण देतं? पोरीच्या जातीला मी कुठल्या अंधारात ढकलू, सर? तुम्ही गॅरंटी घेता?"

गॅरंटी हा सरांचा आवडता शब्द. वर्कशॉपमध्ये उठता-बसता गॅरंटी देणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने नकारार्थी मान हलवली. "नाही. खोटं काहून बोलू? पुढं काय आहे ते मलेही दिसत नाही. पण मी हिच्यासोबत जातो. ती शिकन तोवर मीही शिकीन. अंधार असला तं दोघंही आपटू."

बाबांना वाटलं, बोलण्याची रीत आहे. तरी त्यांनी होकार दिला. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला अशी मिठी मारली की तिच्या हातातला झारा खाली पडला.

नव्या शाखेच्या पहिल्या तासाला मी वर्गात शिरले, तर शेवटच्या बाकावर कानससर! प्रिन्सिपॉलची परवानगी काढून, हातात कोरी वही घेऊन. आपले मेकॅनिकलचे तास सांभाळून ते येत. अर्ध्या वयाच्या लेक्चररला "सर" म्हणत, शंका विचारायला हात वर करत. तास संपला की मला व्हरांड्यात गाठत, "ते मघाचं पुन्हा सांग वं, माझ्या डोक्यात नाही शिरलं." मी सांगे. नाही पटलं तर भांडत, पटलं तर टाळी देत. चाचणी परीक्षेचा पेपरही मागून घेतला. माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क पडले, तर तो पेपर घेऊन अख्ख्या मेकॅनिकल विभागात हिंडले, "पोरीनं मागं टाकलं मले! पाहा, किती मागं टाकलं!"

मी शेवटच्या वर्षात गेले आणि सरांच्या बदलीचा हुकूम आला. सरकारी कॉलेज, इलाज नव्हता. सामान ट्रकमध्ये चढत असताना ते आमच्याकडे आले. पहिल्यांदाच दारात घुटमळले. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"भाऊसाहेब, मी हिच्यासोबत जातो म्हटलं होतं. शब्द दिला होता. एक वर्ष राहिलं, अन् मले जाणं आलं. माफी मागाले आलो."

मी दाराशी उभी होते. बाबा उठले. टोपी घालायचं विसरून तसेच पुढे झाले, सरांचा तो कानशीसारखा खरखरीत हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. आता तिला सोबत लागत नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते.

"तिले नाही लागत, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पण मले कोण शिकवीन आता?"